आजोबा कधी उठणार? मातीनंतर घरात निघालेल्या प्रश्नांना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल. तुम्ही ऐरोलीत राहता. सासर मराठी ख्रिस्ती, मूळचं नगरकडचं. माहेर कळव्याचं, वडील माळकरी. मागच्या महिन्यात सासरे गेले. शेवटचे आठ महिने ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांना अंघोळ घालण्यापासून सगळं तुमच्या यजमानांनीच केलं. मातीच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले की हे शरीर पुन्हा उठेल. परतताना तुमच्या वडिलांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘सुटले बिचारे त्या देहातून. आत्मा मुक्त झाला. शेवटी तुमचं-आमचं सगळं एकच.’ यजमान एरवी नाताळापुरते चर्चला जाणारे, पण त्या वाक्यावर भडकले. तेव्हापासून सासरे-जावई बोलत नाहीत. त्यात सात वर्षांचा मुलगा रोज विचारतोय, ‘आजोबा कधी उठणार?’ वडिलांचं चुकलं काय आणि मुलाला सांगायचं काय, एवढं तुम्हाला हवंय.

मी सव्वीस वर्षं पाळकी सेवा केली. त्यातली बरीचशी ठाणे-बेलापूर पट्टीतल्या इस्पितळांच्या वॉर्डांत आणि ज्यांच्याकडे नुकतंच मरण झालंय अशा घरांत गेली. निवृत्त झालो तरी मातीला बोलावणं येतंच. ‘पुनरुत्थान’ हा शब्द ऐकल्यावर माणसांचे चेहरे काय करतात हे बघण्यातच माझी निम्मी नोकरी गेली.

आधी तुमच्या वडिलांचं. ते जे बोलले ते मायेने बोलले, आणि तरी ख्रिस्ती कानाला ते अगदी उलटं लागतं. त्यांच्या वाक्यात देह म्हणजे जीर्ण झालेलं वस्त्र. आत्म्याने ते टाकलं, बरं झालं. आमच्या मातीच्या विधीत मूठभर माती टाकताना ‘मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ’ म्हणतात आणि त्याच दमात पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेबद्दल बोलतात. देव माणसाला देहातून सोडवतो असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. देव त्याला देहासकट उठवतो, असं म्हटलंय. शुभवर्तमानात उठलेला येशू हातापायांवरच्या जखमा दाखवतो आणि शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. तो मासा शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने मुद्दाम लिहिलाय, कारण भूत मासा खात नाही. (कोकणात भुताला मासेच आवडतात असं सांगणारे भेटतात, ते तूर्त बाजूला ठेवू.)

देहाची ही किंमत आपल्या ठाण्यातही दिसून गेली आहे. १३२१ साली इथे फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती संन्यासी मारले गेले. पुढे ओदोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी आला आणि त्यांची हाडं गोळा करून थेट चीनपर्यंत घेऊन गेला. देह म्हणजे टाकलेलं कापड असतं तर एवढ्या लांबवर ते ओझं कोण नेईल?

आता यजमानांच्या बाजूने बघा. ज्या देहाला त्यांनी आठ महिने रोज पुसलं, कूस बदलून दिली, पाठीला पावडर लावली, त्याच देहाला कुणीतरी ‘सुटका झाली’ म्हणालं. त्यांनी त्या क्षणी धर्मशास्त्राचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण लहानपणापासून कानावर पडलेलं काहीतरी आत होतं, ते दुखावलं. चर्चला न जाणारी माणसं मातीच्या दिवशी अचानक कडवी होतात, हे मी फार पाहिलंय. त्यात ढोंग नसतं.

लोक या विश्वासाला काय उत्तर देतात याचा जुना नमुना बायबलमध्येच आहे. येशूचा प्रेषित पौल अथेन्समध्ये बोलतो. तो ‘येशू’ आणि ‘पुनरुत्थान’ सांगतोय म्हटल्यावर ऐकणाऱ्यांना वाटतं, हा कुणी परके देव आणतोय. काही अभ्यासकांच्या मते त्यांना ‘पुनरुत्थान’ ही एखादी देवीच वाटली असावी. पुढे तो मेलेल्यांच्या उठण्यावर येतो तेव्हा काही हसतात, काही म्हणतात ‘पुन्हा कधीतरी ऐकू’, आणि मोजके विश्वास ठेवतात. त्यात दामारी नावाची एक बाई आहे. हे तिन्ही प्रकार मला वाशीच्या इस्पितळात एकाच खोलीत, एकाच खाटेभोवती भेटलेत.

चौथा प्रकार मात्र खास आपल्याकडचा: ‘हो हो, आमच्यातही तेच आहे.’ हसणाऱ्या माणसाशी बोलता येतं. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याची वाट बघता येते. ‘सगळं एकच’ म्हटल्यावर बोलणंच संपतं, कारण समोरच्याला जे सांगायचं होतं ते ऐकण्याआधीच आपण त्याचं भाषांतर करून टाकलेलं असतं. तुमच्या घरात नेमकं हेच झालं. यात अपमान करायचा हेतू कुणाचाच नसतो, उलट जवळ यायचा असतो, म्हणून तर रागावणाराच वाईट दिसतो.

पुनरुत्थानाला पुनर्जन्म समजणं हे तर नेहमीचंच. शब्दही सख्खे भाऊ वाटतात. पुनर्जन्मात जीव दुसऱ्या देहात, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या घरात येतो. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच ओळखीने, एकदाच उठतो. ख्रिस्ती समजुतीत जन्म एकच आणि मरणही एकच. एका ख्रिस्ती विधवेला तिच्या शेजारणीने समजावलं होतं, ‘ते तुमच्या नातवाच्या रूपाने परत येतील बघा.’ ती मला नंतर म्हणाली, ‘पाळकसाहेब, मला नातू नकोय हो, मला तेच हवेत.’ पुनरुत्थानावरची माझी सगळी प्रवचनं एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे.

तुमच्या वडिलांना तुलना करायचीच असेल तर मी त्यांना पुनर्जन्मापेक्षा तुकोबांचं सदेह वैकुंठगमन सुचवेन. देह मागे टाकावा लागला नाही, हा त्या कथेचा गाभा वारकऱ्याला सांगावा लागत नाही. फरक आहेच. तुकोबा मरणाला बगल देऊन जातात. येशू मरतो, त्याला कबरेत ठेवतात, आणि तिसऱ्या दिवशी तो उठतो. शिवाय तुकोबांची गोष्ट तुकोबांची आहे. पौल मात्र येशूला ‘प्रथमफळ’ म्हणतो, म्हणजे मागून सगळं पीक यायचं आहे. पण निदान हा धागा देहाच्या मानाचा आहे. आणि बीजेच्या दिवशी देहूहून परतलेल्या वारकऱ्याला कुणी दारात अडवून ‘पुरावा काय?’ विचारत नाही, एवढं भान तुमच्या वडिलांना नक्की असेल.

मराठीने मेलेल्यांना फार नेमके पत्ते दिलेत. तुमच्या माहेरी वैकुंठवासी, आमच्यात ख्रिस्तवासी, वर्तमानपत्रात मुसलमानांसाठी पैगंबरवासी, बौद्ध घरांत कालकथित. तुमचे सासरे ख्रिस्तवासी झाले, म्हणजे आत्ता ते प्रभूजवळ आहेत असं घरचे मानतात. कॅथलिक त्यात शुद्धिस्थानाची, म्हणजे स्वर्गाआधी आत्म्याची शुद्धी होते त्या अवस्थेची, भर घालतात आणि मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात. आम्ही प्रोटेस्टंट ते मानत नाही. पण हे सगळं मधल्या काळाबद्दल झालं. पुनरुत्थान ही त्याच्याही पुढची गोष्ट, शेवटच्या दिवसाची. स्वर्गात जाणं आणि पुन्हा उठणं यांची गल्लत आमच्याच मंडळीतले निम्मे लोक करतात, तेव्हा तुम्ही गोंधळलात तर नवल नाही.

बाकीच्यांच्या प्रतिक्रियांबद्दल विचारलंत, तर मला सगळ्यात विचार करायला लावलं एका बौद्ध मित्राने. आम्ही एकाच गावचे, त्याचे आजोबा आणि माझे आजोबा एका आळीतले. तो म्हणाला, ‘अमर आत्मा मी मानत नाही.’ मी म्हटलं, माझा विश्वासही आत्म्याच्या अमरपणावर टेकलेला नाही. माणूस मरतो तो पुरता मरतो, पुढचं जे काही आहे ते देवाने दिलं तर. तो हसला. ‘मग तू हिंदूंपेक्षा माझ्या जवळचा आहेस. पण तुला ते दिलं जावं असं वाटतं ना? ती तृष्णा.’ यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्या विधवेचं ‘मला तेच हवेत’ तृष्णा असेल तर असो, असं मी त्याला म्हणालो. त्याने चहा मागवला.

मुंब्र्याच्या एका मुसलमान सहकाऱ्याला मात्र काही समजवावंच लागलं नाही. मेलेले उठतील, हिशेब होईल, हे त्याच्या घरचंच. त्याची अडचण वेगळी: येशूला क्रुसावर मारलंच गेलं नाही, असं कुराण सांगतं. म्हणजे शेवट मान्य, मधलं पान नामंजूर.

घणसोलीचे एक आगरी आजोबा होते. जमीन कधीच सिडकोकडे गेली होती, पण हात शेतकऱ्याचे. पौलाने पुनरुत्थान समजवायला बियाण्याचा दृष्टांत दिलाय: जे पेरता ते उगवणारं रोप नसतं, नुसता दाणा असतो. मी तो सांगितल्यावर आजोबा म्हणाले, ‘राबात भात टाकलं की दाणा दिसायचा बंद होतो. मग आवण वर येतं. त्याला दाणा म्हणाल का? आणि दाण्याचं नाही असंही कसं म्हणाल?’ तोच आणि तरी वेगळा. उठलेल्या येशूला मग्दालिया मरीया आधी माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळखते, ती गोष्ट मला त्या दिवशी जास्त कळली. आजोबांनी विश्वास ठेवला नाही. त्यांना फक्त दाण्याविषयी बोलायचं होतं.

पुरावा मागणारेही येतात, आणि मला ते आवडतात. विवेकवादी चळवळीतला एक तरुण त्याच्या ख्रिस्ती मित्राच्या मातीला आला होता आणि नंतर घरी येऊन दोन तास भांडला. मी त्याला सांगितलं ते असं. येशू नावाचा माणूस पंतय पिलाताच्या कारकिर्दीत क्रुसावर मारला गेला, हे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. तो आपल्याला जिवंत दिसला असं त्याच्या अनुयायांना अगदी सुरुवातीपासून वाटत होतं, हेही. पौलाचं करिंथकरांना पत्र त्या घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं आहे आणि त्यात तो ही साक्ष आपल्याला आधीच्यांकडून मिळाली असं लिहितो. त्यांना तसं का वाटलं, इथे इतिहास थांबतो. शिष्यांनी प्रेत चोरलं ही शंका तर मत्तयाने स्वतःच नोंदवून ठेवली आहे, ती काही आजची नाही. पौल त्याच पत्रात म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा संदेश पोकळ आहे. त्या पोराला हे वाक्य फार आवडलं. म्हणाला, ‘निदान पैज तरी सरळ लावलीय.’

आणि घरच्यांचं काय? पहिले अविश्वासी घरचेच. रिकामी कबर बघून आलेल्या बायकांचं बोलणं प्रेषितांना वायफळ वाटलं. थोमा नावाच्या शिष्याने तर जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही असं सांगितलं. परंपरेप्रमाणे हाच थोमा पुढे भारतात आला. नेरुळ-वाशीच्या मल्याळी शेजाऱ्यांना विचारा, ते अभिमानाने सांगतील. मंडळीतल्या पिकल्या केसांच्या माणसांनी शेवटच्या आजारात माझा हात धरून विचारलंय, ‘खरंच असेल ना हो?’ मी ‘हो’ म्हणालो. दरवेळी तितक्याच खात्रीने म्हणालो असं नाही.

अलीकडे दफनाला जागा मिळणं अवघड झालंय, त्यामुळे ‘अग्नी दिला तर उठणार कसे?’ हा प्रश्नही वाढलाय. १७७ साली आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांना मारून त्यांची प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली, ती मुद्दाम, आता बघू कसे उठतात म्हणून. त्या काळच्या विश्वासणाऱ्यांनी तेव्हाही हार मानली नाही, मग विद्युतदाहिनीने काय बिघडणार? कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मुभा दिलीय. राख मात्र विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, असं २०१६ मध्ये स्पष्ट केलं. समुद्रात वाहिलेली हाडंही देवाला सापडतील, एवढंच मी लोकांना सांगतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती तुमच्या मनात असणार: ‘मग मी आणि माझे आईबाबा कुठे?’ एका मातीच्या घरी एका उत्साही भावाने पेटी उघडी असतानाच हिंदू नातेवाइकांना नरकाविषयी ऐकवायला सुरुवात केली होती. मी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. या प्रश्नावर चर्चेसमध्ये एकमत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलेलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळींना हे मान्य नाही. माझं मत विचाराल तर न्यायासन माझं नाही. न्यायाच्या दिवसाचं जे चित्र मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, त्यात विचारणा होते ती उपाशी, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि कैदी यांची. तुमच्या यजमानांनी आठ महिने जे केलं ते या यादीत बसतं. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर दिंडीत जे अन्न वाढलं असेल तेही.

आता मुलगा. त्याला ‘आजोबा झोपलेत’ असं कुणीही सांगू नका. आमच्यात तो शब्द रूढ आहे, सिमेट्री या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच झोपायची जागा असा आहे. पण सात वर्षांच्या मुलाने तो अक्षरशः घेतला तर रात्री डोळे मिटायला घाबरेल. मेलेलं माणूस परत येत नाही हे याच वयाच्या आसपास मुलांना पक्कं कळू लागतं. अर्धवट कळल्याने ती पुन्हापुन्हा विचारतात. सरळ सांगा: ‘आजोबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, जमिनीखाली गुदमरत नाही. ते उद्या उठणार नाहीत, तुझ्या वाढदिवसालाही नाही. पप्पा मानतात की देव एक दिवस सगळ्यांना उठवेल. तो दिवस कधी, हे कुणालाच माहीत नाही, पाळकसाहेबांनाही नाही.’ ‘तू मानतेस का?’ असं त्याने विचारलं तर तुमचं जे खरं उत्तर असेल ते द्या. ‘मला नक्की माहीत नाही’ हेही उत्तर चालतं. मुलांना आई खोटं बोलतेय हे लगेच कळतं.

आणि यजमानांना रडू द्या. ‘आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका’ हे पौलाचं वाक्य आमच्या माणसांनी ‘रडू नका’ असं वापरून फार नुकसान केलंय. लाजर या मेलेल्या मित्राला आपण उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. बापाच्या मातीला ते कोरडे उभे होते असं तुम्ही लिहिलंय. सासऱ्यावरचा राग हा त्या न रडलेल्या रडण्याचाच भाग असू शकतो.

वडिलांशी तुम्ही बोला, जावयाला बोलायला लावू नका. त्यांना सांगा, ‘बाबा, तुम्ही धीर द्यायला बोललात हे कळतं. पण यांच्यात मरणाला देहातून सुटका म्हणत नाहीत. यांनी तो देह आठ महिने सांभाळलाय.’ एवढं पुरेल. माळकरी माणसाला पुढचं कळेल. त्यांची अस्वस्थताही समजून घ्या: दहावा नाही, तेरावं नाही, कावळ्याची वाट बघायची नाही, मग व्याह्यासाठी हातांनी करायचं काय? आमच्या मंडळीत ईस्टरच्या पहाटे अंधारातच कबरस्तानात जमतात, मेणबत्त्या लावतात, गातात. तुमच्या मंडळीतही होत असेल तर वडिलांना बोलवा. गाणं कळलं नाही तरी फुलं ठेवता येतील.

त्याआधी चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना ठेवत असाल तर त्या दिवशी घरात सगळ्यांसाठीच शाकाहारी करा. वडिलांची पंगत वेगळी मांडू नका. आणि ताट यजमानांच्या हातून वाढलं जाईल असं बघा.